एकशे बासष्ट पायऱ्या

एक्केचाळीस वर्षं मी लोकांना पायऱ्यांपासून वाचवलं.
वाल्पाराइसोत, टेकडीच्या पोटावर तिरका निजलेला रूळ,
एकाच दोराला बांधलेले दोन लाकडी डबे,
एक वर यायला निघाला की दुसरा खाली,
आणि माथ्यावरच्या खोलीत, चाकाशेजारी, मी. एलेउतेरिओ.
दोराच्या कुरकुरीवरून सांगायचो
आत माणसं किती, आणि त्यातला उधार मागणारा कोण.

मग ऑगस्टातल्या एका थंड सकाळी
पावाला चरबी फासता फासता
माझ्या आतला ब्रेक कुणीतरी दाबला
आणि सोडलाच नाही.

आता मंगळवारी न् गुरुवारी
हॉस्पिटलच्या तळघरात आम्ही सात जण.
कुठंच न जाणाऱ्या सायकली.
छातीवरचे पांढरे केस धरून बसलेल्या वायरी.
मायतेन, माझ्या धाकट्या लेकीहून लहान,
दोन नारिंगी शंकू ठेवते तीस मीटरांवर:
'सहा मिनिटं, दोन् एलेउतेरिओ. जमेल तेवढं. शर्यत नाही.'
पहिल्या दिवशी दोनशे दहा मीटर.
माझ्या डब्यातून बटाट्याची पोतीसुद्धा
याहून लांबचा प्रवास करून गेलेली.

मध्येच ती विचारते, 'आकडा?'
सहा म्हणजे खुर्चीत बसल्यासारखं,
वीस म्हणजे पुरे, आता उचल रे बाबा.
तिला बारा-तेरा हवे असतात.
आपल्या धापेचा आकडा मोठ्यानं सांगणं
डॉक्टरसमोर पँट उतरवण्याहून अवघड.
ओतिलियाबाईंना काही वाटत नाही.
'पंधरा,' त्या पेडल मारत म्हणतात,
'आणि त्यातले तीन नवऱ्याचे.'

एका गुरुवारी त्यांची सायकल रिकामी होती.
आम्ही कुणीच विचारलं नाही.
सगळ्यांनी त्या दिवशी जरा जास्तच पेडल मारले.
(मंगळवारी आल्या. नातीचं बारसं होतं म्हणे.
केकचा तुकडा खाल्ला हे वहीत लिहून घ्यायला लावलं स्वतःच.)

नोएमीनं मिठाची बरणी कुठं लपवलीय, मला ठाऊक आहे.
मी त्या फळीकडं बघत नाही.
हाही व्यायामच,
पण याचा आकडा कुणी विचारत नाही.

नवव्या आठवड्यात मायतेन म्हणाली,
'आता घरच्या पायऱ्या.'
'माझ्याच रुळाशेजारच्या?'
'मग काय कुणाच्या?'

वीस चढायच्या, थांबायचं, मनगटावर दोन बोटं.
चाळीस. साठ.
शेजारून डबा सरकत वर गेला,
नव्या पोरानं वरून हात केला: या की, फुकट नेतो.
मी मान हलवली. बोलायला हवा नव्हती.

सत्त्याण्णवाव्या पायरीवर बसलो
आणि तिथं मला ती माणसं भेटली.
शाळेचे बूट हातात घेतलेली दोन भावंडं.
खांद्यावर गॅसचा सिलिंडर घेतलेला एक हडकुळा.
कपड्यांचं बोचकं पायरीवर टेकवून
माझ्याजवळच श्वास घ्यायला बसलेली एक बाई.
म्हणाली, इथं राहून सत्तावीस वर्षं झाली.
मी तिला कधीच पाहिलं नव्हतं.
एक्केचाळीस वर्षं मी ज्यांना मोजलं
ते सगळे नाणं असलेले होते.

तिनं विचारलं, 'लिफ्ट बंद पडली का?'
'नाही,' मी म्हणालो. 'मी बंद पडलो होतो.'
ती हसली, बोचकं उचललं,
आणि माझ्या पुढं निघून गेली, सवयीनं,
एक हात गुडघ्यावर दाबत.

उरलेल्या पासष्टांना वीस मिनिटं लागली.
माथ्यावर खोलीबाहेर उभा राहून
मी दोराची कुरकुर ऐकली. डब्यात चौघं. एक मूल.
संध्याकाळी मायतेनचा फोन: 'आकडा?'

तेरा म्हणालो.
पंधरा होता.
पण त्यातले दोन माझे नव्हते.